जिना-शिडीच्या डिटेलिंगचं काम देतो म्हणणाऱ्यापासून सावध (सोलापूरच्या पोरांनी तर वाचाच)

मंडळी, जरा मोठं होईल पण वाचा, खास करून जे घरून स्टील डिटेलिंगचं (म्हणजे लोखंडी भाग कारखान्यात कापायला-जोडायला लागणारी ड्रॉइंग काढायचं) फ्रीलान्स करतात त्यांनी. सोलापुरात आता बरीच पोरं आहेत या लाइनमध्ये, डिप्लोमा करून पुण्यात चार-पाच वर्षं घासतात, मग तिथलं भाडं, ट्रॅफिक, इकडे आईवडील एकटे, असं सगळं होऊन परत येतात आणि जुळे सोलापुरात नाहीतर होटगी रोडला एका खोलीत दोन मॉनिटर लावून बसतात. मी पण त्यातलाच. माझं काम मिसलेनियस स्टीलचं, म्हणजे मेन कॉलम-बीम नाही, जिने, शिड्या, प्लॅटफॉर्म, रेलिंग. मेन स्टीलवाले याला किरकोळ समजतात, पण एका जिन्यात जेवढी डोकेफोड आहे तेवढी पन्नास बीममध्ये नाही, हे करणाऱ्यालाच माहीत.

तर मला पुण्याहून एकाचा फोन आला. एकदम गोड बोलणं, अमेरिकेत पार्टनर आहे, फॅब्रिकेटरचं (लोखंड कापून-जोडून देणाऱ्या कारखान्याचं) काम थेट येतं, चांगली माणसं मिळत नाहीत हो सर वगैरे. नंबर कुणी दिला विचारलं तर आमच्या जुन्या ऑफिसमधल्या एकाचं नाव घेतलं (त्या बिचाऱ्यानं याला आयुष्यात पाहिलेलं नाही हे नंतर कळलं). पहिलं काम छोटं, छतावर जायची एक शिडी आणि वरचा हॅच रेल (छताच्या झडपेभोवतीचा कठडा). पीडीएफ पाठवली आणि त्याच संध्याकाळी बारा हजारातून टीडीएस कापून पैसे जमा. या लाइनमध्ये त्याच दिवशी पैसे देणारा माणूस म्हणजे देवमाणूसच की ओ. पण पैसे आले ते कंपनीच्या खात्यातून नाही, कुठल्यातरी बाईच्या सेव्हिंग खात्यातून, आणि जो टीडीएस कापला तो पुढे माझ्या फॉर्म २६एएस मध्ये (आयकर पोर्टलवरचं टीडीएसचं स्टेटमेंट) कधी दिसलाच नाही. म्हणजे तिथं पण त्यानं मला हजार-बाराशेला टोपी घातलीच. तुम्हाला असं कुणी टीडीएस कापून पैसे दिले तर पुढच्या तिमाहीनंतर ते स्टेटमेंट उघडून बघाच.

मग आलं मोठं काम. टेक्सासमधलं गोडाऊन, दोन एक्झिट जिने, तीन शिड्या, एक मेझनाइन (मधल्या अर्ध्या मजल्याचा) प्लॅटफॉर्म, एक लाख ऐंशी हजार लमसम. ते काम मी गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत केलं, घरचे सगळे होम मैदानावर आणि मी स्ट्रिंगरच्या (जिन्याच्या बाजूच्या तिरक्या पट्ट्या) कटिंगमध्ये. जिन्याचा हिशोब सांगतो कारण तो पुढे लागणार आहे. मजल्यापासून मजल्यापर्यंत उंची १२ फूट १० इंच, म्हणजे १५४ इंच. तिथल्या आयबीसी या बांधकाम कोडप्रमाणे एक्झिट जिन्याचा रायझर (पायरीची उंची) ७ इंचापेक्षा जास्त चालत नाही आणि ट्रेड (पाय ठेवायची रुंदी) ११ इंचापेक्षा कमी नको, म्हणून २२ रायझर, प्रत्येकी बरोब्बर ७ इंच. एका दमात १२ फुटांच्या वर चढवता पण येत नाही, मध्ये लँडिंग द्यावंच लागतं, म्हणून ११-११ चे दोन फ्लाइट (लँडिंगपर्यंतचा एक टप्पा म्हणजे फ्लाइट). ट्रेड पॅनचे, ज्यात साइटवर काँक्रीट भरतात. हँडरेल वरच्या बाजूला १२ इंच पुढे काढलेला. एकही गोष्ट अंदाजे नव्हती, जिथं शंका आली तिथं आरएफआय (लेखी प्रश्न) टाकून लेखी उत्तर घेतलेलं.

अप्रूव्हलचा सेट (मंजुरीसाठीची ड्रॉइंग) पाठवला की हप्ता द्यायचं ठरलं होतं. सेट गेला तर म्हणतो, इंजिनिअरला थ्रीडीमध्ये बघायचंय, तुमचं मूळ मॉडेलच पाठवा. मॉडेल गेलं. मग म्हणतो फॅब्रिकेटर घाईत आहे, मशीनच्या एनसी फाइल्स (ज्यावरून मशीन लोखंड कापतं) आणि फायनल शॉप ड्रॉइंग (कारखान्यात वापरायची) एकदाच टाका, पैसे पण एकदाच टाकतो, दोनदा वायर करायला चार्ज लागतो हो. नवीन पोरांसाठी सांगतो, इथंच सगळा खेळ आहे. वॉटरमार्क मारलेल्या पीडीएफवर कुणी लोखंड कापत नाही, पण एनसी फाइल गेली की थेट मशीनवर चढते, आणि मूळ मॉडेल गेलं की तुमच्या नावाची गरजच संपली, तो टायटल ब्लॉक (ड्रॉइंगवरची नावाची चौकट) बदलून पुढे पाठवतो.

त्यानंतर फोन उचलणं बंद. बऱ्याच दिवसांनी मेल आला, इंग्रजीत, वकिली थाटाचा. माझ्या ड्रॉइंगमध्ये चुका म्हणून साइटवर सामान परत कापावं लागलं, त्याचा बॅकचार्ज (त्या खर्चाची वसुली), तो वजा करता उलट माझ्याकडूनच चाळीस हजार येणं! आता गंमत बघा. पहिला आरोप काय, तर एल-२ शिडीला (एल-२ हा ड्रॉइंगवरचा तिचा मार्क) भोवतीचा पिंजरा दाखवला नाही म्हणून इन्स्पेक्टरनं रिजेक्ट केली. शिडी २८ फुटांची. आता ओशाचा (अमेरिकेतली कामगार सुरक्षेची सरकारी संस्था) नियम असा की १९ नोव्हेंबर २०१८ पासून बसवलेल्या २४ फुटांवरच्या नवीन शिडीला पिंजरा हे पडण्यापासूनचं संरक्षण म्हणून धरतच नाहीत, लॅडर सेफ्टी सिस्टीम नाहीतर बेल्टवाली फॉल अरेस्ट (पडताना अडवणारी) लागते. जुन्या पिंजऱ्यांना पण २०३६ च्या नोव्हेंबरपर्यंतच मुदत आहे. आम्ही त्या सिस्टीमच्या रेलचे ब्रॅकेट दाखवलेले, आर्किटेक्टच्या शीटवर तशी नोट, आरएफआयचं उत्तर पण हातात. दुसरा आरोप, जिना बसला नाही, सोबत कापलेल्या जिन्याचा फोटो. मी फोटो झूम करून रायझर मोजले तर नऊच! आणि ट्रेड ग्रेटिंगचे (जाळीचे). माझ्या जिन्याचं एकेक फ्लाइट अकराचं आणि ट्रेड पॅनचे. कुठल्यातरी कारखान्याच्या जिन्याचा फोटो उचलून लावलेला. हे सगळं मुद्देसूद लिहून पाठवलं, त्यावर आजतागायत उत्तर नाही.

मग आमच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर तो मेल टाकला तर सांगलीचा एक आणि लातूरचा एक असे दोघं निघाले, त्यांच्याकडे शब्दन् शब्द तोच मेल, फक्त शिडीचा मार्क आणि रक्कम वेगळी. लातूरवाला म्हणाला, अरे माझ्या कामात तर शिडीच नव्हती बे!

आता कारवाईचं. माझं उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) कामाच्या आधीपासूनचं आहे, म्हणून एमएसएमई समाधान या थकलेल्या पैशांच्या तक्रारीच्या सरकारी पोर्टलवर केस टाकली. २००६ च्या एमएसएमई कायद्यात घेणाऱ्यानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, आणि काही लेखी ठरलेलं नसेल तर १५ च. त्यावर उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. कागदावर झकास आहे, पण समोरचा सापडला पाहिजे ना. पीओवर (कामाच्या ऑर्डरवर) छापलेला जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर रजिस्ट्रेशन रद्द झालेलं, पत्ता बाणेरचा, तिथं मित्राला पाठवलं तर मोबाइल कव्हरचं दुकान. नंबर टाकायला एक मिनिट लागतं, पहिल्या फोनलाच टाका. वकील म्हणाले एकट्यानं गेलात तर पोलीस म्हणणार ही धंद्यातली उधारी, दिवाणीत जा, पण तिघांचे सेम मेल आणि तो खोटा फोटो एकत्र लावला तर सुरुवातीपासूनच फसवायचा इरादा होता हे दिसतं आणि भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ लावायला आधार मिळतो. तशी तक्रार तिघांनी मिळून दिली आहे.

मी आता तीस टक्के ॲडव्हान्सशिवाय फाइल उघडत नाही, आणि पैसे पीओवरच्या कंपनीच्याच खात्यातून. अप्रूव्हल सेट फक्त वॉटरमार्कच्या पीडीएफमध्ये, थ्रीडी बघायचंच असेल तर स्क्रीन शेअर करून दाखवतो. शेवटचा रुपया आल्यावर एनसी. यामुळे दोन पार्ट्या गेल्या, जाऊदेत.

आणि हो, तोच माणूस (आवाज तोच, सांगलीवाल्यानं ओळखला) आता दुसऱ्या नावानं फ्रेशर पोरांना फोन करतोय, आता ॲडव्हान्सचा विषयच नाही, टेस्ट म्हणून एक सॅम्पल जिना करून द्या म्हणतो. सॅम्पल कसलं, तीन फ्लाइट, दोन लँडिंग, वर गेट, आणि प्रत्येकाला वेगळा जिना. फोन आला तर टेस्टला एकच फ्लाइट करीन आणि पीडीएफच देईन म्हणून सांगा, तो स्वतःच फोन ठेवतो.