कॉम्बिनेशन एअर व्हॉल्व्ह, काही महिने वापरल्यावर

आमची लाइन खालच्या विहिरीवरून वरच्या टाकीत जाते, मधे एक उंचवटा लागतो, तिथून पाइप खाली उतरतो आणि परत चढतो. त्या उंचवट्यावर आधी साधा मोठ्या भोकाचा एअर व्हॉल्व्ह, म्हणजे लाइनीत अडकलेली हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, होता. तो काढून कॉम्बिनेशनवाला, म्हणजे मोठं आणि बारीक अशी दोन भोकं असलेला, बसवला त्याला आता बरेच महिने झालेत, थंडी आणि कडक ऊन दोन्ही बघून झालंय, त्यामुळे नीट सांगता येईल. फरक पडलाय आणि चांगलाच पडलाय.

आधी काय व्हायचं, तर मोटर चालू केली की सुरुवातीला पाणी जोरात, मग हळूहळू धार बारीक, आणि टाकीत पाणी फुसफुसत, आचके देत पडायचं. मोटरीजवळचा प्रेशर गेज मात्र नेहमीपेक्षा जास्त दाखवायचा. हे लक्षण महत्त्वाचं आहे. पाइप फुटला असेल तर गेज खाली येतो, लाइनीने हवा धरली तर वर जातो. पाइप चोकअप असला तरी वर जातो, पण हवाच असेल तर उंचवट्यावरचा कॉक थोडा वेळ सोडला की काटा लगेच उतरतो, चोकअपमध्ये तसं होत नाही.

हवा नुसती जागा अडवते असं बरेच जण समजतात, पण खरं नुकसान उताराच्या बाजूला होतं. हवेचा फुगा उतारावर पसरतो आणि पाणी त्याच्याखालून पातळ थरात वाहत जातं, पाइप भरून चालत नाही. मग त्या फुग्याची उभी उंची ३ मीटर असेल तर तेवढा ३ मीटर हेड (पाणी वर चढवायचा दाब), म्हणजे जवळपास ०.३ बार, फुकट जातो. लाइनीत असे चार उंचवटे असतील तर चारही ठिकाणचं नुकसान एकत्र होतं आणि मोटर चालू असूनही टाकीत थेंब येत नाही.

आता जुना व्हॉल्व्ह असून उपयोग का होत नव्हता? मोठं भोक लाइन भरताना हवा सोडतं, पाणी आलं की आतला फ्लोट, म्हणजे तरंगणारा गोळा, वर जाऊन भोकावर बसतो, इथपर्यंत ठीक. पण नंतर पाण्यातूनच हवा सुटत राहते, १,००० लिटर पाण्यात साधारण १८-२० लिटर हवा विरघळलेली असते, आणि दाब कमी झाला किंवा पाइप उन्हात तापला की त्यातली काही बाहेर येऊन उंचवट्यावर जमते. तेव्हा मोठं भोक उघडत नाही, कारण ५० मिलिमीटरच्या भोकावर ३ बार दाब म्हणजे जवळजवळ ६० किलोचा जोर फ्लोटला वर दाबून धरतो, फ्लोट स्वतःच्या वजनाने पडणार कसा! तोच दाब २ मिलिमीटरच्या भोकावर १०० ग्रॅमसुद्धा भरत नाही, म्हणून बारीक भोक चालू लाइनीतही उघडतं. कॉम्बिनेशनमध्ये दोन्ही असतात, पैसे त्या बारीक भोकाचेच आहेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आता धार शेवटपर्यंत एकसारखी राहते, दिवसभर मधूनमधून फिस्स आवाज येतो, तो ऐकून बरं वाटतं. दुसरा फायदा मोटर बंद केल्यावरचा. पाणी मागे-पुढे उतरतं तेव्हा व्हॉल्व्ह हवा आत घेतो, नाहीतर उंचवट्यावर व्हॅक्यूम होऊन पातळ पीव्हीसी चेपतो, आणि ठिबक जोडलेलं असेल तर ड्रिपर चिखल आत ओढतात.

आता त्रासाचं. दाब अगदी कमी असला, म्हणजे ०.२ बारच्या आसपास, तर फ्लोट सीलवर घट्ट बसत नाही आणि व्हॉल्व्ह ठिपकत राहतो. वाळूचा कण अडकला तरी तेच. म्हणून व्हॉल्व्हच्या खाली बॉल व्हॉल्व्ह पाहिजेच, तो बंद करून वरचं उघडायचं, फ्लोट आणि रबर धुवायचं, मोटर चालू असतानाही काम होतं. तोंडाला जाळी नसेल तर किडे घर करतात.

बसवताना बारीक सॅडल (पाइपला भोक पाडून त्यावर आवळायचा जोड) मारून त्यावर व्हॉल्व्ह उभा करू नका, वाहत्या पाण्याबरोबर हवेचे बुडबुडे त्या छोट्या भोकावरून सरळ पुढे निघून जातात. रुंद टी टाका म्हणजे हवा वर चढून थांबेल. आणि रिकामी लाइन भरताना मोटरीच्या पुढचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह थोडाच उघडा, पाइपात पाण्याचा वेग सेकंदाला ०.३ मीटरच्या आसपास असला की बास. घाईने भरली तर शेवटची हवा झटक्यात निघते, फ्लोट धाडकन बसतो आणि वॉटर हॅमरचा, म्हणजे पाणी एकदम अडल्याने उठणाऱ्या दाबाचा, दणका जॉइंटला बसतो.

आता पुढचा व्हॉल्व्ह मोटरीनंतर पण एनआरव्हीच्या (पाणी मागे येऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हच्या) आधी लावायचाय, कारण मोटर बंद असताना उभ्या पाइपातलं पाणी खाली उतरलं की तिथे हवा भरते आणि दर स्टार्टला ती सगळी लाइनीत ढकलली जाते. सक्शनच्या, म्हणजे मोटर पाणी ओढते त्या, बाजूला मात्र चुकूनही लावू नका, तिथे तो हवा सोडायच्या ऐवजी आत ओढेल आणि मोटर पाणीच उचलणार नाही.