दादरच्या किराणा दुकानातील कोल्हापुरी गूळ: चालू हंगामाचा आणि मागच्या वर्षीचा

दादर पश्चिमेच्या एका जुन्या किराणा दुकानात कोल्हापुरी गूळ दोन वेगळ्या डब्यांत ठेवलेला असतो. एका डब्यात चालू हंगामाचा गूळ असतो आणि दुसऱ्यात मागच्या वर्षीचा. मुंबईत ही सोय क्वचितच आढळते, आणि औषधासाठी गूळ वापरणाऱ्या घरांना तिचे मोल फार आहे.

आयुर्वेदाने नव्या आणि जुन्या गुळाचे गुण एकसारखे मानलेले नाहीत. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात नवा गूळ कफ, श्वास, खोकला आणि कृमी वाढवणारा सांगितला आहे, तर जुना गूळ पचायला हलका व पथ्यकर म्हटला आहे. तो आल्याबरोबर घेतल्यास कफाचे, हिरड्याबरोबर पित्ताचे आणि सुंठीबरोबर वाताचे शमन होते, असेही तेथेच नमूद आहे. म्हणूनच वैद्य औषधासाठी निदान एक वर्ष जुना गूळ आणायला सांगतात. दशमूलारिष्ट, अभयारिष्ट यांसारख्या अरिष्टांत, म्हणजे काढा आंबवून केलेल्या औषधांत तर गुळाचे काम गोडीपुरते नसते. धायटीच्या फुलांच्या साथीने काढा आंबतो तो याच गुळाच्या जोरावर, आणि त्यातून तयार होणाऱ्या मद्यार्कामुळे औषध दीर्घकाळ टिकते.

या दुकानातील नवा गूळ तपकिरी, मऊ आणि किंचित चिकट आहे. विळीवर तो सहज चिरला जातो, आणि गूळपोळीच्या सारणासाठी किसून तिळाच्या कुटात मिसळला की गुठळ्या राहत नाहीत. चहात मात्र तो भांडे खाली उतरवल्यावरच घालावा, कारण उकळत्या दुधात गूळ पडला की दूध फाटण्याची भीती असते. जुना गूळ जवळजवळ काळपट आणि टणक असून बत्त्याने ठेचला की रवाळ खडे पडतात. त्याची गोडी जिभेवर सावकाश उतरते आणि मागे खारटपणा राहत नाही. कोमट पाण्यात विरघळवून गाळल्यावर गाळणीत उसाचे थोडेसे तंतू राहिले, माती मात्र आढळली नाही. डिंकाच्या आणि अळिवाच्या लाडवांसाठी मी आता हाच घेते. ‘पोळीला हा न्या, बाळंतिणीसाठी हवा असेल तर तो द्या,’ असे दुकानातील काका न विचारताच सांगतात.

रंगाबद्दलही ते स्पष्ट बोलतात. पिवळाधमक गूळ मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ते समजावतात की गुऱ्हाळात काहिलीतील रसाची मळी रानभेंडीच्या चिकाने काढली तरी गूळ इतका पिवळा होत नाही. तो रंग बहुधा हायड्रोसचा, म्हणजे गूळ उजळवणाऱ्या सल्फरयुक्त रसायनाचा असतो. अन्नसुरक्षा नियमांनुसार गुळात सल्फर डायऑक्साइड 70 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 70 भागांपेक्षा) अधिक असू नये, पण नुसत्या डोळ्यांनी हे प्रमाण कळत नाही, त्यामुळे विक्रेत्याच्या सचोटीवर बरेच अवलंबून राहावे लागते. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी त्या नावाने खपवला जाणारा गुळाचा प्रत्येक रवा (ढेप) कोल्हापूरचाच असतो, असे मला वाटत नाही.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. याच दुकानात एका कंपनीची गुळाची पाकिटे ‘मधुमेहींसाठी सुरक्षित’ अशा मजकुरासह मांडलेली दिसली. गुळात बहुतांश साखरच असते आणि त्याने रक्तातील साखर वाढते, त्यामुळे असा दावा करणारा माल इतक्या जाणत्या दुकानदाराने ठेवू नये. दुसरे म्हणजे, जुन्या गुळाच्या डब्यावर तो कोणत्या महिन्यात तयार झाला, याची चिठ्ठी नाही. काका ते तोंडी सांगतात, पण वैद्याच्या सांगण्यावरून येणाऱ्या गिऱ्हाइकाला ती माहिती लेखी मिळायला हवी. जुन्या गुळाचा भाव थोडा चढा आहे, पण मुंबईच्या दमट हवेत घरी वर्षभर गूळ साठवला तर पावसाळ्यात त्याला पाणी सुटते आणि पुढे बुरशी येते, त्यामुळे ते जादा पैसे मला रास्त वाटतात.