पॉवर कंडिशनर आणि नव्या केबल्स: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी घरच्या म्युझिक सिस्टिममध्ये काय काय बदललं ते सांगतो. सहा सॉकेटचा फिल्टरवाला कंडिशनर (मेन्समधला गोंगाट गाळणारा डबा), डॅक (डिजिटल सिग्नल अ‍ॅनालॉग करणारं यंत्र) आणि प्री-अ‍ॅम्पसाठी १ केव्हीएचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (उपकरणं मेन्सपासून वेगळी ठेवणारा), तीन पॉवर कॉर्ड, आरसीएची (ऑडिओ सिग्नलच्या केबलची) एक जोडी आणि २.५ चौरस मिमीची स्पीकर वायर. बाकी सिस्टिम जुनीच: टर्नटेबल, डॅक, प्री (पॉवर अ‍ॅम्पच्या आधीचा अ‍ॅम्प), टोरॉइडल (कड्याच्या आकाराच्या) ट्रान्सफॉर्मरचा पॉवर अ‍ॅम्प आणि ४ ओहमचे स्पीकर. पुन्हा घ्यायची वेळ आली तर यातल्या निम्म्याच वस्तू घेईन.

कंडिशनर बहुतेक जण घेतात ते हम, म्हणजे सतत येणारी घूं, घालवायला. पण हम नेमका कुठला, हे न बघता घेतला तर तो नुसता जड डबा ठरतो. पहिला प्रश्न: आवाज स्पीकरमधून येतोय की अ‍ॅम्पच्या पेटीतून? स्पीकरमधली मऊ, ५० हर्ट्झची ‘हूं’ बहुधा अर्थ लूपची (उपकरणं दोन ठिकाणी अर्थ झाल्यानं बनणाऱ्या वर्तुळाची) किंवा जवळच्या ट्रान्सफॉर्मरची असते. १०० हर्ट्झची खरखरीत भुणभुण असेल तर संशय पॉवर सप्लायच्या कपॅसिटरवर घ्यावा.

शोधायची रीत सोपी आहे. प्रत्येक जोडणीआधी अ‍ॅम्प बंद करायचा. आधी पॉवर अ‍ॅम्पच्या सगळ्या इनपुट केबल काढून शॉर्टिंग प्लग (इनपुटची दोन टोकं एकमेकांना जोडणारे) लावायचे. शांत असेल तर अ‍ॅम्प निर्दोष. मग प्री जोडा, मग एकेक सोर्स. इथे हम परतला तो सेट-टॉप बॉक्सचा ऑडिओ जोडल्यावर. त्याच्या टीव्ही सिग्नलच्या कोअ‍ॅक्सची जाळी दुसरीकडे कुठेतरी अर्थ झालेली, त्यामुळे दोन अर्थिंगमधला करंट आरसीएच्या जाळीतून वाहत होता. कोअ‍ॅक्सवर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन अर्थचा करंट तोडणारा) बसवला आणि विषय संपला. कंडिशनरचा इथे काडीचा उपयोग झाला नाही, होणारही नव्हता, कारण सुरक्षेसाठी अर्थची वायर त्यातून सरळ पुढे जाते. प्लगची अर्थ पिन काढून हम घालवण्याचा सल्ला मात्र कुणीही दिला तरी ऐकू नये. इन्सुलेशन फुटलं तर पेटीवर थेट फेज येतो.

आरसीए केबलचा हिशेब इथेच येतो. जाळी आणि कनेक्टर मिळून ०.०५ ओहम, लूपचा करंट १० मिलिअँपिअर धरला, तर ०.५ मिलिव्होल्ट हम सिग्नलमध्ये मिसळतो. २ व्होल्टच्या सिग्नलच्या तुलनेत उणे ७२ डीबी. शांत जागी कान जवळ नेला तर ऐकू येईल इतका. जाड जाळीची ०.०१ ओहमची केबल लावली की तोच १४ डीबीनं खाली जातो. नव्या जोडीचा फायदा एवढाच. धातू कुठला, दिशा कुठली, याच्याशी त्याचा संबंध नाही. एक्सएलआर (तीन पिनची बॅलन्स्ड जोडणी) असेल तर हा प्रश्न जवळजवळ मिटतो, पण उपकरणात पिन १ पेटीला न जोडता आतल्या सर्किटच्या ग्राउंडला जोडलेली असेल तर तिथेही हम शिरतो. ऑडिओ इंजिनिअर नील मन्सी यांनी १९९५ मध्ये मांडलेला ‘पिन १ प्रॉब्लेम’ तो हाच.

पेटीतून येणारी घुरघुर वेगळी. ती दिवसभर नसते, मधूनच उठते. बऱ्याच हेअर ड्रायरमध्ये अर्ध्या हीटला एक डायोड लागतो आणि लाइनची अर्धीच लहर ओढली जाते. त्यामुळे लाइनवर थोडा डीसी येतो. टोरॉइडच्या कोअरमध्ये एअर गॅप नसतो, म्हणून काहीशे मिलिव्होल्टनंही कोअर सॅच्युरेट होऊन (चुंबकत्वाची मर्यादा गाठून) पेटी घुरायला लागते. ड्रायर अर्ध्यावर चालू करून अ‍ॅम्पच्या झाकणाला कान लावला की खातरी पटते. यावर फिल्टर कंडिशनर शून्य कामाचा. हवा डीसी ब्लॉकर, तोही अ‍ॅम्पचा पूर्ण करंट सोसणारा, बंद पेटीतला तयार. मेन्सवर हात बसलेला नसेल तर घरी जोडू नये.

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर डॅक आणि प्रीसाठी ठीक. पॉवर अ‍ॅम्प त्यावर लावून पाहिला तर मोठ्या आवाजात बेसच्या ठोक्याला व्होल्टेज ५-६ व्होल्टनं बसायचं. अ‍ॅम्प परत भिंतीच्या सॉकेटवर गेला. ट्रान्सफॉर्मर चालू करताना बी कर्व्हचा एमसीबीही पडायचा, कारण सुरुवातीचा करंट नेहमीच्या कित्येक पट असतो आणि बी कर्व्ह ३ ते ५ पटींतच सुटतो. सॉफ्ट-स्टार्ट (करंट हळूहळू चढवणारं सर्किट) लावल्यावर थांबलं.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असेल तर फिल्टरमधल्या, लाइनपासून अर्थला जोडलेल्या वाय कपॅसिटरकडेही लक्ष असू द्यावं. प्रत्येकातून थोडी गळती अर्थकडे जाते आणि सगळ्यांची बेरीज होते. अर्थच तुटलेला असेल तर ती गळती पेटीवर येऊन बसते आणि बोटाला झिणझिण्या येतात. म्हणून कंडिशनर घेण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थ ते न्यूट्रल व्होल्टेज मोजून घ्यावं. १-२ व्होल्ट चालतं. ५ च्या वर असेल तर आधी वायरिंग.

पॉवर कॉर्डमधून काहीच मिळालं नाही. दीड मीटर कॉर्डचा रेझिस्टन्स ०.०४ ओहम, भिंतीत २.५ चौरस मिमीची २० मीटर वायर ०.३ ओहमची. शेवटचा तुकडा बदलून काय होणार? फरक पडला तो जुना सैल प्लग गेल्यामुळे. प्लग स्वतः भरणार असाल तर मल्टीस्ट्रँडच्या टोकाला फेरूल (धातूची छोटी नळी) क्रिंप करा. सोल्डर लावून स्क्रूखाली दाबू नका. दाबाखाली सोल्डर हळूहळू सरकतं, स्क्रू ढिला पडतो, मग प्लग तापतो.

स्पीकर वायर मात्र ऐकू आली. ५ मीटर अंतराला ०.७५ चौरस मिमीची जुनी वायर जाऊन-येऊन ०.२६ ओहम, नवी ०.०८. स्पीकरचा इम्पीडन्स (एसीला होणारा विरोध) ३ ते २० ओहम फिरत असेल तर जुन्या वायरनं फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्समध्ये ०.६ डीबीचा चढउतार पडतो, नव्या वायरनं ०.२. याहून जाड घ्यायची या अंतराला गरज नाही.

एक गोष्ट उशिरा लक्षात आली. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टर्नटेबलखालच्या फळीवर होता आणि फक्त फोनोवर (टर्नटेबलच्या इनपुटवर) हम यायचा. कार्ट्रिजची (सुई बसवलेल्या भागाची) कॉइल त्याचं चुंबकीय क्षेत्र पकडत होती. ट्रान्सफॉर्मर मीटरभर दूर सरकवला, गेला.

कंडिशनर ठेवलाय तो सर्जसाठी, म्हणजे व्होल्टेज अचानक उसळलं तर. आतले एमओव्ही (जास्तीचं व्होल्टेज शोषणारे भाग) प्रत्येक मोठ्या सर्जला थोडे झिजतात आणि एक दिवस संपतात. सॉकेटमधून वीज मात्र येतच राहते, त्यामुळे कळत नाही. ‘प्रोटेक्टेड’चा हिरवा दिवा मागच्या बाजूला, रॅकच्या आड होता. डबा फिरवून दिवा समोर आणला.