बिनपगारी रजा, आय-864 आणि सल्लागाराबरोबरचे 11 महिने

कोथरूडमधल्या एका इमिग्रेशन सल्लागाराकडे 11 महिन्यांपासून माझी अमेरिकेच्या व्हिसाची केस आहे. नवरा अमेरिकन नागरिक, तिकडे नोकरीला. मी आणि लेक पुण्यात, आईकडे. पाचपैकी तीन स्टार देतेय. कापलेले दोन्ही एकाच फॉर्मपायी: आय-864, म्हणजे नवरा मला सांभाळू शकतो याचं हमीपत्र.

बाकी कागदपत्रांचं काम चोख. लग्नाच्या दाखल्याचं भाषांतर, जन्मदाखल्यातल्या आणि पासपोर्टवरच्या नावाचा मेळ, सगळं वेळेत झालं. पीसीसीसाठी (पोलिसांचा ना-गुन्हा दाखला) मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात काय काय न्यायचं हे त्यांनी इतकं नीट लिहून दिलं होतं की एका फेरीत काम झालं.

आता रजेचं सांगते. जुलै 2024 मध्ये लेक झाली तेव्हा नवरा 12 आठवडे पुण्यात येऊन राहिला. अमेरिकेत 1993 पासून एफएमएलए नावाचा कायदा आहे. तो नोकरी राखून ठेवतो, पगार देत नाही. रजा वडिलांनाही मिळते. त्याचा पगार वर्षाला 38,000 डॉलर, पण 2024 च्या टॅक्स रिटर्नमध्ये जेमतेम 29,200 दिसले. रात्री दोन-दोन वाजता लेकीला खांद्यावर टाकून तो गॅलरीत फेऱ्या मारायचा, म्हणून मला झोप मिळायची. ती रजा घेतली याचं आम्हा दोघांनाही कधी वाईट वाटलं नाही.

2025 मध्ये आय-864 भरायची वेळ आली. बायकोला बोलवायचं तर उत्पन्न तिकडच्या दारिद्र्यरेषेच्या 125 टक्के लागतं. 2025 च्या तक्त्यात दोघांसाठी 26,437 डॉलर, तिघांसाठी 33,312. सल्लागारांनी कुटुंबात दोघंच धरले. "बाळ अमेरिकन नागरिक आहे, तिला कुठे व्हिसा हवाय?" असं त्यांचं म्हणणं. पण अविवाहित, 21 वर्षांखालची मुलं नागरिक असली तरी मोजायचीच असतात. मी फॉर्मच्या सूचना उघडून दाखवल्या, तर ते एकदम दुसऱ्या टोकाला गेले: उत्पन्न कमी पडतंय, जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे नवऱ्यासोबत हमी देणारी दुसरी व्यक्ती, आणा.

मग न्यू जर्सीतल्या मामेसासऱ्यांना फोन. त्यांनी लगेच हो म्हटलं. ही जबाबदारी मी नागरिक होईपर्यंत किंवा माझ्या कामाच्या 40 तिमाह्या भरेपर्यंत राहते, घटस्फोट झाला तरी सुटत नाही, हे नवऱ्याने सांगितल्यावर मात्र मामी गप्प झाल्या. दोघंही निवृत्तीला आलेले. त्यांना अशा पेचात टाकल्याचं मला फार लागलं, कारण त्याची गरजच नव्हती.

फॉर्ममध्ये विचारलेलं असतं ते सध्याचं वार्षिक उत्पन्न. रिटर्न हा त्याला जोडायचा पुरावा. सल्लागारांनी रिटर्नचा आकडाच उचलून सध्याच्या उत्पन्नाच्या रकान्यात टाकला होता. गेल्या वर्षीचा आकडा कमी दिसला तर अधिकारी शंका घेणारच, म्हणून रजेचा खुलासा हवा. नवऱ्याने ऑफिसकडून पत्र आणलं: कायम, पूर्णवेळ, वार्षिक पगार 38,000, अमुक तारखेपासून 12 आठवडे बिनपगारी पालकत्व रजा, अमुक तारखेला पुन्हा रुजू. सोबत सहा महिन्यांच्या पे स्टब, म्हणजे पगाराच्या पावत्या. एवढ्यावर नॅशनल व्हिसा सेंटरने (मुलाखतीआधी कागदपत्रं तपासणारं अमेरिकन सरकारी कार्यालय) कागदपत्रं पूर्ण असल्याचं कळवलं. जॉइंट स्पॉन्सर लागला नाही.

तुमची रजा अजून चालू असेल तर जमल्यास रुजू होऊन एक-दोन पगार हातात आल्यावर फॉर्म भरा. तेवढं थांबता येत नसेल तर बचत दाखवता येते. नागरिकाच्या जोडीदारासाठी ती तुटीच्या तिप्पट लागते. आमचं उत्पन्न 29,200 धरलं असतं तर साधारण सव्वाबारा हजार डॉलर दाखवावे लागले असते. सल्लागारांनी हाही पर्याय सांगितला नाही.

मामेसासऱ्यांना नवऱ्याने स्वतः फोन करून सही नको म्हणून कळवलं. मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतल्या व्हिसा मुलाखतीची तारीख अजून यायची आहे. फाइलमध्ये ऑफिसचं पत्र सगळ्यात वर लावलंय, त्यामागे लेकीचा जन्मदाखला.