गंध-सरावाचा संच: तेले चोख, माहितीपत्रक सैल
सर्दीनंतर मंदावलेली वास घेण्याची क्षमता रोज तेले हुंगून सुधारावी, यासाठी म्हापशाच्या बाजारातून घेतलेल्या या संचात गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग अशी चार तेले आहेत. बुचे घट्ट बसतात, लवंगेचा दर्प अस्सल आहे. (तिरफळ असते तर गोव्याच्या नाकाला सराव अधिक मानवला असता.) मात्र ‘मेंदूत नव्या चेतापेशी तयार होतात’ हा माहितीपत्रकातला दावा उंदरांना शोभतो: त्यांच्या मेंदूतील पोकळीलगत जन्मलेल्या चेतापेशी सरकत गंधकंदात (नाकाकडून येणारे वासाचे संदेश घेणाऱ्या मेंदूच्या भागात) पोहोचतात आणि जवळजवळचे वास वेगळे ओळखण्यास हातभार लावतात. प्रौढ माणसाच्या गंधकंदात अशी भर जवळपास पडत नाही, असे २०१२ मध्ये पेशींचे वय सांगणाऱ्या कार्बन-१४ च्या मोजणीतून दिसले. आपल्याकडे आयुष्यभर नव्याने घडतात त्या नाकाच्या अस्तरातील वास टिपणाऱ्या पेशी. सकाळ-संध्याकाळ हुंगण्याची सूचना योग्य आहे. निलगिरीच्या बाटलीवरची चिठ्ठी तेवढी तेलाने पुसट होते.