मान, काख, छाती, ओठ की नुसतं थांबायचं? थायरॉइडच्या लहान कॅन्सरबाबत कोरियाचे अनुभव शेजारीशेजारी

माझी मामेबहीण दोन कागद घेऊन आली. पहिला एफएनएसीचा, म्हणजे गाठीत सुई घालून काढलेल्या पेशींच्या तपासणीचा रिपोर्ट: थायरॉइडच्या उजव्या बाजूला ८ मिलिमीटरची गाठ, पॅपिलरी कार्सिनोमा, म्हणजे थायरॉइडच्या कॅन्सरचा नेहमीचा प्रकार. दुसरं एक गुळगुळीत माहितीपत्रक, त्यावर ठळक अक्षरात 'कोरियन तंत्राने रोबोटिक शस्त्रक्रिया, मानेवर वण नाही'. "दादा, कॅन्सर म्हणाले तेव्हा हातपाय गार पडले. हे वाचून वाटलं, निदान गळा तरी आहे तसा राहील." तिची काळजी उगाच नव्हती. लहानपणी कान टोचला तेव्हा पाळीवर किलॉइडची, म्हणजे जखमेपेक्षा मोठ्या वाढणाऱ्या जाड वणाची गोळी उठली, ती अजून तिथेच आहे.

मी भूलतज्ज्ञ. सुरी माझ्या हातात नसते, त्यामुळे यातल्या कुठल्याच रस्त्याची वकिली मला करायची नाही. पण 'कोरियन तंत्र' हा शब्द वाचून मला हसू आलं. कोरियाने एक नाही, निरनिराळे रस्ते काढले, आणि थायरॉइडच्या बाबतीत त्या देशाकडून शिकण्यासारखी सगळ्यांत मोठी गोष्ट त्या माहितीपत्रकात नव्हतीच.

आधी ती गोष्ट

कोरियात १९९९ मध्ये राष्ट्रीय कॅन्सर तपासणी योजना सुरू झाली. थायरॉइड तिच्यात नव्हतं. पण तपासणीला आलेल्या माणसाला थोडे जास्त पैसे भरून मानेची सोनोग्राफीही करून घेता यायची, आणि लोकांनी ती भरपूर करून घेतली. परिणाम असा की २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या १५ पट झालं. त्या एका वर्षात ४०,००० हून अधिक लोकांना हे निदान मिळालं. मृत्यूचं प्रमाण मात्र होतं तिथेच राहिलं. म्हणजे सापडलेल्या बहुतेक गाठी कधी त्रास देणार नव्हत्या. २०१४ मध्ये कोरियातल्याच काही डॉक्टरांनी या तपासणीविरुद्ध जाहीर भूमिका घेतली, त्याच वर्षी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये हे आकडे आले, आणि वर्षभरात शस्त्रक्रिया साधारण ३५ टक्क्यांनी उतरल्या.

त्याच लेखातला दुसरा आकडा मी बहिणीला वहीत लिहून दिला. शस्त्रक्रिया झालेल्या १५,००० हून अधिक कोरियन रुग्णांच्या विमा-दाव्यांत ११ टक्क्यांना पॅराथायरॉइड ग्रंथी (थायरॉइडला चिकटलेल्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या) कमी चालण्याचा त्रास आणि २ टक्क्यांना स्वरतंतूचा लकवा अशी नोंद होती. आता यातला आवाजाचा त्रास सोलच्या योन्से विद्यापीठाच्या सेव्हरन्स रुग्णालयाच्या ३,००० रोबोटिक शस्त्रक्रियांच्या मालिकेत पाहा: आवाजाच्या नसेला (ती दुखावली की स्वरतंतू लुळा पडतो) कायमची इजा अर्ध्या टक्क्याच्याही खाली. दोन्ही आकडे कोरियाचेच. एकात तात्पुरता-कायमचा भेद काटेकोर नाही, दुसऱ्यात आहे, त्यामुळे थेट वजाबाकी करून चालणार नाही. तरी एक फरक उरतोच. पहिल्यात सगळ्या देशाचे हात आहेत, दुसऱ्यात एकाच ठिकाणचे, रोज तेच काम करणारे. माहितीपत्रकात छापला जातो तो नेहमी दुसरा आकडा.

रस्ते

*उघडी शस्त्रक्रिया.* मानेच्या घडीत चार-सहा सेंटिमीटरचा छेद. बर्नच्या थिओडोर कोखरने ही शस्त्रक्रिया सुरक्षित केली, १९०९ चं नोबेल त्याला थायरॉइडवरच्या कामासाठीच मिळालं. सर्जन गाठीच्या थेट वर असतो, बोटाने चाचपता येतं, रक्त आलं तर दाबता येतं. रात्री टाक्यांखाली रक्त साचून श्वास अडकला, तर वॉर्डातल्या कॉटवरच टाके उघडता येतात. माझ्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. तोटा एकच, वण दिसतो. बहुतेकांचा वर्षभरात घडीत मिसळतो, किलॉइडची प्रवृत्ती असेल तर मिसळत नाही.

*काखेतून.* २००७ मध्ये सेव्हरन्समध्ये चुंग वूंग-यून यांनी रोबोट वापरून हा रस्ता रूढ केला. हात वर करून बांधायचा, काखेत छेद, तिथून छातीच्या स्नायूवरून मानेपर्यंत कातडीखाली बोगदा, तो पट्टीने उचलून धरायचा, आत जागा करायला गॅस भरायचा नाही. त्याच केंद्राने पुढे २०१८ मध्ये ५,००० शस्त्रक्रियांचा अनुभव छापला. कोखरच्या अख्ख्या कारकिर्दीचा आकडाही ५,००० च्या आसपासच सांगतात. त्याला जे आयुष्यभरात जमलं ते सोलच्या एका विभागाने दशकभरात केलं.

इथे माझ्या बाजूची गोष्ट सांगतो. भूल दिल्यावर रुग्ण 'हात दुखतोय' म्हणू शकत नाही. खांदा किती ताणलाय, कोपराखाली उशी आहे का, मनगट लोंबतंय का, हे बघणारे आम्हीच. हाताच्या नसांचा जुडगा काखेतूनच जातो. तो ताणला गेला तर माणूस जागा होतो तेव्हा बोटं बधिर, हात जड. असं क्वचित होतं आणि बहुतेक वेळा सुधारतंही, पण मानेच्या शस्त्रक्रियेनंतर हात न उचलणं हा प्रकार उघड्या शस्त्रक्रियेत नसतोच. मोठ्या मालिकेत त्याला तक्त्याची एक ओळ मिळते. हा रस्ता एका बाजूच्या गाठीसाठी चांगला, पलीकडची बाजू काढताना दमवतो. हात बसायला सर्जनला चाळीस-पन्नास शस्त्रक्रिया लागतात, हेही कोरियातल्याच अभ्यासांतलं.

*दोन्ही काखा आणि स्तनाग्राभोवतालचा काळा भाग.* याला बाबा पद्धत म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांवरून. सोल राष्ट्रीय विद्यापीठाची. चार छोटे छेद, आत कार्बन डायऑक्साइड. दोन्ही बाजू सारख्या दिसतात, त्यामुळे पूर्ण थायरॉइड काढायचं असेल तर काखेच्या रस्त्यापेक्षा हा सोयीचा. २०१३ मध्ये त्यांनी १,०२६ शस्त्रक्रियांचा आढावा छापला. पण छातीवरची कातडी बऱ्याच भागात सुटी केली जाते आणि काही महिने तिथे बधिरपणा राहतो.

'कमी चिरफाड' हा शब्द मला खटकतो तो इथेच. बाहेरचा वण लपतो, आतली चिरफाड उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा जास्तच असते.

*ओठाच्या आतून.* हा रस्ता रूढ केला थायलंडच्या आंगकून अनुवाँग यांनी, २०१६ मध्ये पहिल्या ६० रुग्णांचा अनुभव छापून. कोरिया विद्यापीठाच्या किम हून-यूब यांनी त्याला रोबोट जोडला. खालच्या ओठाच्या आत तीन छेद, हनुवटीवरून खाली. कातडीवर वण नाही, मात्र कोरियन रोबोटिक प्रकारात काखेत एक छोटं भोक असतं. किलॉइडवाल्यांसाठी कागदावर हाच सगळ्यांत आकर्षक. धोके वेगळे: हनुवटीची नस दुखावून ओठ बधिर होणं, तोंडातले जंतू मानेत जाणं, आणि गॅस.

केस रिपोर्ट कुठे कामाला येते

गॅसचं सांगतो. मानेच्या पुढच्या शिरेला बारीक छिद्र पडलं आणि आत दाबाने कार्बन डायऑक्साइड सुटत असेल, तर तो शिरेतून हृदयात जातो. माझ्या पडद्यावर श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची रेघ एकदम खाली येते. नवख्याला वाटतं नळी निसटली. मग ऑक्सिजन, मग रक्तदाब. तोवर गॅस बंद करून डोकं खाली केलेलं असलं पाहिजे. तोंडातून केलेल्या रोबोटिक शस्त्रक्रियेत असा प्रसंग घडल्याची केस रिपोर्ट कोरियातून २०१८ मध्ये आली. एकच रुग्ण. आकडेवारीत तिचं वजन शून्य. पण गॅसचा दाब किती ठेवायचा आणि सांगितल्याक्षणी तो कुणी बंद करायचा, हे आधी ठरवण्याची सवय अशाच एका पानाच्या लेखांमुळे लागते.

दुसरी २००८ ची. स्तनाच्या बाजूने दुर्बिणीने थायरॉइड काढलं, आणि पुढे शस्त्रक्रियेच्या जागी नि कातडीखालच्या बोगद्यात कॅन्सर उगवला. गाठ लांब बोगद्यातून ओढताना फुटली तर पेशी वाटेत सांडू शकतात. उघड्या शस्त्रक्रियेत ही वाटच नाही. किती वेळा होतं हे त्या लेखातून कळत नाही, कळणारही नाही. पण 'गाठ पिशवीत घालून काढता का?' हा प्रश्न रुग्णाला तिथूनच मिळतो.

उलट, मोठ्या मालिकांनाही दुखणं आहे. रोबोटचा रस्ता निवडणाऱ्या बऱ्याचदा तरुण, सडपातळ बायका, लहान गाठीच्या. पैसेही भरू शकणाऱ्या, कारण कोरियात राष्ट्रीय विम्यातून कॅन्सर रुग्णाला उघड्या शस्त्रक्रियेचा ५ टक्के वाटा भरावा लागतो, तर रोबोट विम्याबाहेर. त्यांची तुलना उरलेल्यांशी केली की रोबोट आपोआप गोरागोमटा दिसतो. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेले मोठे अभ्यास थायरॉइडमध्ये फारसे नाहीत. कोरियनांना ते जमत नाहीत असं नाही. जठराच्या सुरुवातीच्या कॅन्सरसाठी त्यांनी क्लास-०१ चाचणीत १,४१६ रुग्ण असे विभागले आणि पाच वर्षांनी दुर्बीण ९४.२ टक्के, उघडी ९३.३ टक्के जगण्याचं प्रमाण दाखवून वाद मिटवला. थायरॉइडमध्ये इतकं स्वच्छ उत्तर नाही. अमेरिकेत तर २०११ मध्ये रोबोट बनवणाऱ्या कंपनीनेच थायरॉइडसाठीचा पाठिंबा काढून घेतला. तिथली माणसं अंगाने मोठी, सर्जनांकडे अशा शस्त्रक्रिया थोड्या.

पाचवा रस्ता: बघत राहणं

जपानमध्ये कोबेच्या कुमा रुग्णालयात १९९३ पासून एक सेंटिमीटरच्या आतल्या पॅपिलरी गाठींवर नुसती नजर ठेवली जाते. कोरियात २०१६ पासून माएस्ट्रो नावाचा बहुकेंद्री अभ्यास हेच तपासतोय: काही रुग्ण सोनोग्राफीवर, काही शस्त्रक्रियेला. निवड रुग्णाची. गाठ श्वासनलिकेला किंवा आवाजाच्या नसेच्या वाटेला चिकटलेली नसावी, मानेतल्या लसिकाग्रंथींत कॅन्सर पसरलेला नसावा, पेशी आक्रमक प्रकारच्या नसाव्यात. वाढली तर तेव्हा काढायची. किंमत एकच, 'अंगात कॅन्सर आहे' हे माहीत असूनही रात्री झोप लागायला हवी. काहींना नाही लागत. त्यांनी शस्त्रक्रिया करून घ्यावी, त्यात कमीपणा नाही.

मी बहिणीला काय म्हणालो

रस्त्यापेक्षा आधी दोन गोष्टी. एक, अर्धं थायरॉइड की पूर्ण? कॅल्शियम उतरून ओठांभोवती, बोटांत मुंग्या येण्याचा त्रास छेद कुठे घेतला यापेक्षा किती काढलं यावर जास्त अवलंबून असतो. एकच बाजू काढली तर दुसरीकडच्या पॅराथायरॉइड ग्रंथींना हात लागत नाही. कोरियन मालिकांत तात्पुरतं कॅल्शियम उतरण्याचे आकडे मोठे दिसतात, त्यात पूर्ण ग्रंथीबरोबर मधल्या लसिकाग्रंथीही काढण्याच्या तिथल्या पद्धतीचा वाटा आहे. ८ मिलिमीटरच्या एका गाठीला एवढं लागत नाही. दोन, हात कुणाचे?

तिची गाठ खंडाच्या मधोमध, नसेपासून लांब, मान स्वच्छ. मी तिच्या जागी असतो तर थांबलो असतो. काढायचीच म्हटलं तर अर्धं थायरॉइड, मानेतून. तिच्या किलॉइडमुळे मात्र माझं हे मत डळमळीत होतं, हे मी तिला लपवलं नाही. तिच्यासाठी ओठातला किंवा काखेतला रस्ता हौस म्हणता येणार नाही. फक्त तो आठवड्याला करणाऱ्याकडे, वर्षाला चार करणाऱ्याकडे नाही. गाठ चार सेंटिमीटरची असती, पाठीमागे चिकटलेली असती, किंवा आपल्याकडे पुष्कळ दिसणारं जुनं मोठं गलगंड असतं, तर ही चर्चाच नव्हती, सरळ मान.

तिने माहितीपत्रकाच्या मागे तीन प्रश्न लिहून नेले. या रस्त्याने तुम्ही स्वतः किती केल्या? त्यातल्या किती मध्येच उघड्या कराव्या लागल्या? सहा महिन्यांनंतरही आवाज बसलेले किती?

एका ठिकाणी पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'बऱ्याच' असं आलं. दुसऱ्या ठिकाणच्या सर्जन बाईंनी टेबलाच्या खणातून वही काढली, पानं मोजली आणि म्हणाल्या, "ओठातून एकवीस. दोन उघड्या कराव्या लागल्या. एकीचा आवाज तीन महिन्यांनी आला. पण तुमची गाठ मी आज काढणार नाही, सहा महिन्यांनी सोनोग्राफी घेऊन या."

ती तारीख तिने फ्रिजवर लावली आहे, गॅस सिलिंडरच्या नंबराखाली.