शेलचेक: आठ महिने वापरल्यानंतर

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचे सर्व्हर आणि नेटवर्क मी सांभाळतो. काही नेटवरून उचललेल्या, काही मित्रांनी दिलेल्या, काही स्वतः लिहिलेल्या अशा चाळीसेक शेल स्क्रिप्ट (सर्व्हरला द्यायच्या कमांड ओळीने लिहिलेल्या फाइली) माझ्याकडे साठल्या आहेत. आठ महिन्यांपासून त्यातली एकही शेलचेक, म्हणजे स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधून काढल्याशिवाय सर्व्हरवर चढवत नाही.

त्याला कारण झालं एक फोल्डर. डिझाइनवाल्यांना 'मयूरपंख जुने' काढून टाकायचं होतं. माझ्या स्क्रिप्टमध्ये आरएम मायनस आरएफ (न विचारता सगळं पुसणारी कमांड) आणि पुढे फोल्डरचं नाव धरणारं नुसतं व्हेरिएबल, डबल कोट नाहीत. स्क्रिप्ट चालवणाऱ्या बॅशने स्पेसवर नाव तोडलं आणि 'मयूरपंख' व 'जुने' अशी दोन नावं धरली. 'जुने' असं काही नव्हतंच, पण एफ लावल्यामुळे एरर आली नाही. 'मयूरपंख' होतं, चालू ऑर्डरचं. ते उडालं आणि जुनं तसंच राहिलं. रात्रीच्या आरसिंक बॅकअपमधून फोल्डर परत आलं, पण त्या दिवशी केलेलं काम पोरांना पुन्हा करावं लागलं. फार वाईट वाटलं. नंतर तीच स्क्रिप्ट शेलचेकला दिली, तर नेमक्या त्या ओळीखाली इशारा, नंबर एससी 2086: डबल कोट लावा.

दुसरा अनुभव नेटवर्कचा. मशीनच्या आयपींची यादी व्हाइल-रीडने एकेक ओळ वाचून प्रत्येकावर एसएसएचने (दुसऱ्या मशीनवर दुरून कमांड देणारा प्रोग्रॅम) कमांड चालवायची, हा कोडचा तुकडा सगळीकडे सापडतो. आमच्याकडे तो पहिल्या मशीनवरच थांबायचा. "दादा, एकालाच झालं, बाकीच्यांचं काय?" असं फ्लोअरवरून विचारायचे आणि मी केबल तपासत फिरायचो. एसएसएच उरलेली यादी स्वतःच गिळून टाकत होता. एसएसएचला मायनस एन द्या, असं शेलचेकने सांगितलं आणि त्याच दुपारी सगळ्या मशीनवर कमांड गेली.

अर्थात शेलचेक स्क्रिप्ट चालवत नाही, फक्त वाचतो. टर्मिनलवर नीट चाललेली माझी एक स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारी सोय) गप्प पडायची, कारण क्रॉनला पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी, अगदी तोकडी मिळते. ते त्याला कळलं नाही. लाइन गेल्यावर आधी राउटर, मग बाहेरचा आयपी, मग डोमेनचं नाव, या क्रमाने पिंग केलं (उत्तर येतं का पाहिलं) की दोष आतल्या केबलचा, कंपनीच्या लाइनचा की डीएनएसचा (नावावरून आयपी शोधणाऱ्या यंत्रणेचा) हे कळतं. हा क्रम आपल्यालाच ठरवावा लागतो. झी-शेल या बॅशसारख्या दुसऱ्या शेलच्या स्क्रिप्टही शेलचेक तपासत नाही.

शेलचेक उबुंटूवर एपीटीने (प्रोग्रॅम बसवणारी कमांड) एका ओळीत बसतो, फुकट आहे. इशारे इंग्रजीत असले तरी प्रत्येक नंबराचं चुकीचं-बरोबर उदाहरण दाखवणारं वेगळं पान आहे. मी बॅश खरं तर त्या पानांवरूनच शिकलो. एखादा इशारा मुद्दाम बंद करायचा असेल तर तशी कमेंट टाकता येते. मी तिच्याच वरच्या ओळीत कारण मराठीत लिहून ठेवतो. गेल्या महिन्यात मी गावी असताना रात्रपाळीच्या मुलाने ते वाचून बॅकअपची स्क्रिप्ट स्वतः दुरुस्त केली, मला फोनही करावा लागला नाही.